कोल्हापूरएवढ्या शहरात कॉमिक्सचा मेळा आणि खाऊच्या गाड्या एकत्र कशा रंगतील?

टाउनहॉलची_पायरी

सर्वांना नमस्कार.

माझी मुलगी आठवीत आहे आणि भाचा अकरावीत. दोघांनाही कॉमिक्सचे वेड आहे, आणि त्यांच्या हट्टामुळे गेल्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा एका मोठ्या शहरातील कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सचे संमेलन, पाहिले. रात्रीच्या बसने निघालो, सकाळी उतरलो आणि आत शिरण्यासाठी दीड तास रांगेत उभे राहिलो. आतील पोशाख, भित्तिचित्रे आणि पुस्तकांचे ढीग पाहून मुले हरखून गेली, हे खरेच. पण माझ्या मनात घर करून राहिला तो एक छोटा प्रसंग. एका तरुण चित्रकर्तीच्या टेबलापाशी थांबून माझ्या मुलीने विचारले, की एक चौकट कोठे संपवायची आणि दुसरी कोठे सुरू करायची हे तुम्ही कसे ठरवता? त्या चित्रकर्तीने लगेच हाताशी असलेल्या कागदावर तीन चौकटी आखल्या. पहिलीत दाराच्या कडीवर टेकलेला हात, दुसरीत नुसती कडी, तिसरीत उघडे दार. "कडीचा आवाज वाचकाला मनातल्या मनात ऐकू यावा म्हणून मधल्या चौकटीत काहीच घडू द्यायचे नाही," एवढे ती म्हणाली आणि तेवढ्यात मागून आलेल्या लोंढ्याने आम्हाला पुढे रेटले. तो कागद मुलीने अजून वहीत जपून ठेवला आहे. संभाषण मात्र दोन मिनिटेही चालले नाही.

खाण्याची गत त्याहून वाईट होती. गार झालेले पदार्थ चढ्या भावाने घेऊन आम्ही जमिनीवर, लोकांच्या पायांत बसून खाल्ले, आणि विकत घेतलेल्या दोन पुस्तकांवर सॉसचे डाग पडले.

परत आल्यावर पुढच्या रविवारी संध्याकाळी आम्ही खासबागेच्या खाऊगल्लीत भेळ खायला गेलो. मुलांनी सवयीने नवी पुस्तके बरोबर घेतली होती. स्कूटरच्या सीटवर पुस्तक उघडे, एका हातात भेळेचा पुडा, आणि दोघांचा वाद चालू होता की या पानावर खलनायकाची सावली आधी का दाखवली आहे. शेजारच्या गाडीवरची दोन अनोळखी कॉलेजची मुले त्या वादात कधी सामील झाली ते कळलेही नाही. तासभर चौघे तेथेच उभे होते. त्या तासात मुलांना जे मिळाले ते त्या मोठ्या मंडपात दिवसभर फिरून मिळाले नव्हते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. एवढ्या शहरात मोठे आयोजक कधी येतील याची वाट पाहत बसण्यापेक्षा, आपण आपल्या बेताचा एक दिवसाचा मेळा भरवावा आणि त्याला खाऊच्या गाड्यांची जोड द्यावी, असा विचार मनात आला आहे. तो कोठे भरवावा, किती मोठा असावा, खाणे आणि पुस्तके एकमेकांना त्रास न देता शेजारी कशी नांदतील, आणि ज्यांनी कधी कॉमिक हातात घेतलेले नाही अशा माणसालाही तेथे का थांबावेसे वाटेल, याबद्दल ज्यांना अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना_इंद्रजाल_वाचक

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. ज्या गोष्टीची मी कित्येक वर्षे वाट पाहत होतो ती आपल्या गावातल्याच कोणाच्या तरी मनात आली.

आधी आकाराविषयी लिहितो, कारण सर्वांत जास्त दडपण त्याचेच येते. आज प्रचंड म्हणून ओळखली जाणारी संमेलने मुळात लहानच होती. अमेरिकेतील सॅन दिएगोचा पहिला मेळावा मार्च १९७० मध्ये एका हॉटेलच्या तळघरात एकाच दिवसापुरता भरला आणि त्याला शंभर-दीडशे माणसे होती. तोक्योतील कॉमिकेट डिसेंबर १९७५ मध्ये सुरू झाले तेव्हा ३२ गटांनी स्वतःच्या खर्चाने छापलेली पुस्तके मांडली होती आणि वाचक सातशेच्या आत-बाहेर होते. आपल्या देशात पहिले कॉमिक कॉन फेब्रुवारी २०११ मध्ये भरले ते दिल्ली हाट येथे, आणि हे ठिकाण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे. दिल्ली हाटची ओळखच मुळी हस्तकलेचे गाळे आणि निरनिराळ्या राज्यांच्या खाण्याची दुकाने अशी आहे. म्हणजे पुस्तके आणि खाणे यांची सोबत आपल्याकडे पहिल्या वेळेपासूनच होती. वातानुकूलित प्रदर्शन केंद्रे ही नंतरची गोष्ट.

दुसरे असे, की कॉमिक्स ही आपल्याकडे परक्याची वस्तू नाही. मी मंगळवार पेठेत वाढलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका किराणा दुकानात सुतळीला चिमट्यांनी अडकवलेली इंद्रजाल कॉमिक्स पंचवीस पैसे रोजाने भाड्याने मिळत असत. आम्ही पाच मित्र पाच-पाच पैसे काढायचो आणि तालमीच्या कट्ट्यावर बसून एकच अंक एका वेळी वाचायचो. ज्याचे वाचन हळू, त्याच्यासाठी बाकीचे पान उलटायचे थांबत. १९६४ मध्ये सुरू झालेली आणि १९९० मध्ये बंद पडलेली ही मालिका मराठीतही निघत असे, आणि तिच्यातला वेताळ, म्हणजे मूळचा अमेरिकन फँटम, आम्हाला आमच्याच पेठेतला वाटे. पुढे १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स आणि डाकूंशी गाठ. भारतीय मातीतला नायक कसा दिसावा याचे आमच्यापुरते उत्तर तेव्हा मिळाले. १९६७ पासून अनंत पै यांची अमर चित्र कथा होतीच, आणि १९९१ पासून 'सकाळ'मधला चिंटू तर कॉमिक्स न वाचणारी माणसेही रोज सकाळी चहाबरोबर वाचत असत. तुम्ही विचारले आहे की ज्याने कॉमिक हातात घेतले नाही तो का थांबेल? माझे उत्तर असे, की आपल्या गावात पन्नाशीच्या पुढचा असा माणूस फार विरळा आहे. त्याला फक्त आठवण करून द्यावी लागेल.

म्हणून माझी पहिली सूचना अशी आहे, की मेळ्यात विक्रीच्या टेबलांइतकीच जागा वाचनासाठी ठेवावी. चार सतरंज्या, उजेड चांगला, आणि मध्ये पेटीत पन्नास-साठ जुनी कॉमिक्स, कोणीही उचलून वाचावीत अशी. मोठ्या संमेलनांत सगळे काही असते, पण बसून वाचायला जागा नसते, आणि पुस्तकांच्या मेळ्यात ही उणीव मला फार खटकते. शेजारी अदलाबदलीचे एक टेबल असावे, जेथे एक अंक द्यावा आणि एक न्यावा. मूल्य ठरवायला कोणी बसू नये, ते दोन वाचकांनी आपसांत ठरवावे.

संग्रहातले दुर्मीळ अंक मात्र हाताळायला देऊ नयेत. तो कागद वृत्तपत्राच्या जातीचा असतो. त्यातील लिग्निन, म्हणजे लाकडातून आलेला घटक, हवा आणि उजेड लागून पिवळे पडते, घडीवर कागद तडकतो आणि मधल्या पिना गंजून भोवती तपकिरी वलय उमटते. मी माझे अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पिशवीत, पाठीमागे आम्लरहित पुठ्ठा घालून, उभे ठेवतो. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा पाहता कपाटाची दारे मधूनमधून उघडी ठेवावी लागतात. मेळ्यासाठी असे तीसेक अंक मी आनंदाने आणीन आणि दिवसभर स्वतः शेजारी उभा राहीन.

जागेबद्दल सांगायचे, तर दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनाचे कलादालन मला सर्वांत योग्य वाटते. चित्रप्रदर्शनांसाठी लोकांच्या पायाखालची वाट आहे, आणि बाहेर चौकात मोकळेपणा आहे. आपल्या शहराला कलापूर म्हणतात ते बाबूराव पेंटर आणि आबालाल रहिमान यांच्यासारख्या चित्रकारांमुळे. बाबूराव तर आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवत असत, आणि एका चित्रात गोष्टीचा सगळा ताण उभा करणे हीच कॉमिकच्या मुखपृष्ठाचीही कला आहे. कलादालनाच्या एका भिंतीवर हा वारसा आणि दुसरीवर आजच्या मुलांची पाने लावता आली, तर शेजारच्या चित्रकला महाविद्यालयांतील मंडळीही येतील. तारीख ठरवताना नवरात्र आणि दसरा टाळावा, कारण त्या दिवसांत अंबाबाईच्या भाविकांची गर्दी असते आणि चौकात शाही दसऱ्याचा सोहळा होतो. डिसेंबरचा शेवट किंवा जानेवारी बरा, फेब्रुवारीपासून बोर्डाच्या परीक्षांचे वारे सुरू होते.

उद्यमनगरची_गाडी

नमस्कार ताई, नमस्कार काका.

छोटा हत्ती टेम्पोवर बांधलेली खाण्याची गाडी मी सहा वर्षे चालवतो. गाडीची बांधणी उद्यमनगरातच करून घेतली. एका बाजूचा पत्रा वर उचलला की छप्पर होते, खालचा पत्रा आडवा पडला की स्टीलचा ओटा होतो. पुस्तकांतले मला फारसे कळत नाही, पण खाण्याची बाजू नीट बसली नाही तर तुमचा मेळा दुपारी एक वाजताच विस्कटेल, हे अनुभवाने सांगू शकतो.

दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाला आम्हा सहा गाड्यांकडून मोठे भाडे आगाऊ घेतले गेले. गर्दी भरपूर येईल असे आश्वासन होते. प्रत्यक्षात आम्हाला मंडपाच्या मागे, जनरेटरच्या शेजारी उभे केले. डिझेलचा धूर सरळ तव्यावर येत होता आणि आत फिरणाऱ्या लोकांना मागे खाण्याची सोय आहे हेच माहीत नव्हते. दिवसभरात माझ्या पस्तीस प्लेट गेल्या. उरलेली मटकी रात्री घरी नेताना जे वाटले ते विसरता येत नाही. त्यामुळे माझी विनंती अशी, की गाडीवाल्यांकडून ठरावीक भाडे आगाऊ न घेता विक्रीतला वाटा घ्यावा. लोक आले तर दोघांचे भले होईल, आणि नाही आले तर एकट्या गाडीवाल्यावर बोजा पडणार नाही.

गाड्या किती असाव्यात? माझी गाडी तासाला चाळीस ते पन्नास प्लेट देते, त्यापेक्षा वेग वाढवला की वडा आतून कच्चा राहतो. तीनशे माणसे असतील तर चार गाड्या पुरेत, पण एका अटीवर. सगळ्यांना एकाच वेळी जेवणाची सुट्टी देऊ नये. एक वाजता व्याख्यान संपले आणि तीनशे माणसे एकदम बाहेर आली, तर चार काय, दहा गाड्याही कमी पडतील. आत काही ना काही सतत चालू ठेवा, म्हणजे माणसे थोडी थोडी बाहेर येतील आणि प्रत्येकाला गरम मिळेल.

आता पदार्थांविषयी. कोल्हापूर म्हटले की तांबडा-पांढरा रस्सा हवा, असे पाहुणे म्हणतील. माझा त्याला विरोध आहे. रश्श्याला भाकरी लागते, बसायला जागा लागते आणि निवांतपणा लागतो. शिवाय पांढऱ्या रश्श्यात नारळाचे दूध असते. तो दिवसभर शेगडीवर उकळत ठेवला की फुटतो. तो घरी किंवा खानावळीत बसूनच खावा. गाडीवर मिसळ चालते. मात्र ती आणण्याची एक पद्धत आहे. पातेल्यात कट घेऊन गाडी निघाली की पहिल्याच खड्ड्याला तो हिंदकळतो, म्हणून मी कट दुधाच्या झाकणाच्या किटलीत पाऊण भरून आणतो, मटकी वेगळी, फरसाण वेगळे, आणि जागेवर पोहोचल्यावरच कटाला उकळी आणतो. सोबत पाव नको, आपला स्लाइस ब्रेडच हवा, कारण तो कट धरतो. कटवड्याचेही तसेच. दोन्हींना चमचा आणि टेकायला उंच टेबल लागते, त्यामुळे गाडीसमोर छातीएवढ्या उंचीची चार टेबले असावीत. ज्यांना हातात पुस्तक धरून खायचे आहे त्यांच्यासाठी भडंग सर्वांत चांगले. ते कोरडे असते, ओघळत नाही, आणि बोटाला लागलेली हळद-तिखटाची पूड रुमालाला पुसता येते. ओल्या भेळेला मी पुस्तकाजवळ येऊ देणार नाही, ताईंनी सांगितलेली स्कूटरवरची भेळ कितीही गोड वाटली तरी.

गाड्या आणि कलादालनाचे दार यांत किमान वीस-पंचवीस पावलांचे अंतर ठेवावे. वारा कोणत्या अंगाने वाहतो ते आदल्या दिवशी त्याच वेळी जागेवर उदबत्ती लावून पाहावे. तळणीचा धूर कागदात शिरला की महिनाभर जात नाही. परतीच्या वाटेवर नळ लावलेले पाण्याचे पिंप, साबण आणि स्वच्छ कापड ठेवावे, म्हणजे हात धुतल्याशिवाय कोणी आत जाणार नाही. यासाठी पहारेकरी ठेवावा लागत नाही. पिंप बरोबर वाटेत असले की माणूस आपोआप थांबतो.

कागदपत्रांचेही सांगतो, कारण यात ढिलाई केली की ऐन वेळी गाडी परत पाठवावी लागते. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी प्रत्येक गाडीकडे असलीच पाहिजे, आणि तिचा चौदा आकडी क्रमांक गाडीवर लावलेला असावा. टेम्पोवर नवी बांधणी केली असेल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो बदल आरटीओकडे नोंदवलेला असावा लागतो. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, पण एका दिवसाच्या कार्यक्रमाला मैदानाची आणि महापालिकेची लेखी परवानगी आयोजकाने स्वतः आधी घ्यावी, ते गाडीवाल्यावर सोडू नये. सिलिंडर व्यावसायिक वापराचाच, १९ किलोचा असावा. प्रत्येक गाडीत आग विझवण्याचे नळकांडे असावे आणि ते चालवता येणारा माणूसही असावा. कागदाच्या मेळ्याशेजारी आपण जाळ पेटवणार आहोत, हे विसरून चालणार नाही.

वाचनमंदिर_सभासद

सर्वांच्या सूचना मोलाच्या आहेत, तरी एक शंका मांडते. आपल्या गावात खाण्याची ओढ इतकी मोठी आहे, की लोक गाड्यांसाठी येतील, मिसळ खातील, मुलांचे दोन फोटो काढतील आणि आतल्या टेबलांकडे न फिरकता घरी जातील. मग ज्या चित्रकाराने रात्री जागून पुस्तक छापून आणले, त्याने दिवसभर बाहेरून येणारा वास घेत रिकामे बसायचे का? करवीर नगर वाचन मंदिरासारखे, १८५० मध्ये सुरू झालेले वाचनालय ज्या शहरात आहे, तेथे वाचन हे खाण्याचे निमित्त होऊन बसले तर मला वाईट वाटेल. गाड्या दुपारी चारनंतरच सुरू कराव्यात, तोपर्यंत चहा आणि पाणी पुरे, असे माझे मत आहे.

शाईचे_बोट

मी येथील एका चित्रकला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे, स्वतःचे कॉमिक काढतो आणि दोन मोठ्या शहरांतील संमेलनांत टेबल मांडून बसलेलो आहे. वरच्या ताईंची शंका रास्त आहे. पण रिकामे टेबल मी पाहिले आहे, आणि ते खाण्यामुळे रिकामे राहत नाही. चित्रकार पुस्तकांचा गठ्ठा मांडून त्याच्यामागे मोबाइलमध्ये डोके घालून बसला, तर शेजारी गाडी असो वा नसो, कोणी थांबत नाही. तोच चित्रकार कागदावर ब्रश टेकवून बसला, की दोन मिनिटांत तीन डोकी वर ओणवी होतात. काळी शाई ओली असताना चमकते आणि वाळताना मंद होत जाते, ते पाहायला लहान मूलसुद्धा श्वास रोखून उभे राहते. म्हणून माझी सूचना अशी, की प्रत्येक टेबलावर चित्रकाराने पूर्ण वेळ काहीतरी काढत राहावे, आणि एक टेबल गाड्यांच्या बाजूला, दाराबाहेर, सावलीत मांडावे. ज्याच्या हातात भडंगाची पुडी आहे त्याला तेथून आत यावेसे वाटेल. ते टेबल मी घेतो.

पुस्तक छापण्याची अनेकांना भीती वाटते, ती घालवण्यासाठी माझा अनुभव सांगतो. माझे पहिले पुस्तक सोळा पानांचे होते. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीतच ठेवावी लागते, कारण एक ताव दुमडला की चार पाने होतात. मी आधी कोऱ्या कागदाची घडी घालून छोटी नमुनाप्रत केली आणि तिच्यावर पेन्सिलीने आकडे टाकले, तेव्हा पहिल्या आणि सोळाव्या पानाचा एकच ताव आहे हे डोळ्यांना दिसले. हे न करता मुद्रणालयात गेलेल्या माझ्या मित्राच्या पुस्तकात नायक सहाव्या पानावर मेला आणि चौदाव्यावर जन्मला. चित्रे ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके येतील अशी, स्कॅन करावीत, कडेला कापणीसाठी तीन मिलिमीटर जास्तीची जागा सोडावी, आणि पहिली आवृत्ती पन्नास प्रतींचीच काढावी.

माझी गोष्ट एका पैलवान मुलीची आहे. तिच्यासाठी मी मोतीबाग तालमीत आणि खासबाग मैदानाच्या भोवती बसून रेखाटने केली. आखाड्याच्या लाल मातीत ताक, हळद, लिंबू, तेल मिसळतात आणि ती खोऱ्याने खणून भुसभुशीत करतात. तिचा रंग पाण्यात भिजल्यावर विटेसारखा आणि वाळल्यावर गेरूसारखा दिसतो, हे जागेवर बसल्याशिवाय कळले नसते. मोठ्या शहरात एक वाचक माझ्याकडे आला आणि म्हणाला, की जपानी कॉमिक्समध्ये सुमोचा आखाडा पुष्कळदा पाहिला, आपला पहिल्यांदा पाहतो आहे. आपल्या मेळ्यात दुसऱ्याने घडवलेल्या पात्रांची चित्रे छापून विकण्याचा मोह मुलांना होईल. १९५७ च्या कायद्यानुसार लेखक-चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे राहतो, तेव्हा आवडीपोटी वहीत काढणे वेगळे आणि विक्रीला मांडणे वेगळे, हे त्यांना प्रेमाने समजावून सांगावे. आपल्या गावात गोष्टींना तोटा नाही.

आवडत्या पात्रांचे पोशाख करून येणाऱ्यांविषयी, म्हणजे कॉस्प्लेविषयी, थोडे सांगतो, कारण मीही तो नाद केला आहे. चिलखत, मुखवटे आणि शस्त्रे बहुधा ईव्हीए फोमची केलेली असतात. हाच फोम चपलांच्या तळव्यांना वापरतात, त्यामुळे सुभाषनगरात चपला बनवणाऱ्या एका मामांकडे मला तो ताव आणि चिकटवायचे सोल्युशन दोन्ही मिळाले. दोन्ही कडांना सोल्युशन लावून लगेच जोडू नये, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे आणि मग दाबावे, हे त्यांनीच शिकवले. मी त्याआधी तीन खांदे वाया घालवले होते. चामडे कापायच्या त्यांच्या रापीने फोमला जशी तिरकी, स्वच्छ धार येते तशी माझ्या कटरने कधी आली नव्हती. गणपतीत सजीव देखाव्यांसाठी पोशाख आणि शस्त्रे तयार करणारी मंडळी आपल्या प्रत्येक पेठेत आहेत. त्यांच्यातल्या दोघा-तिघांना बोलावून तासाभराचे प्रात्यक्षिक ठेवले, तर ज्यांनी कॉस्प्ले हा शब्द ऐकलेला नाही तेही ओळखीचे काम पाहायला येतील.

पोशाखवाल्यांची एक अडचण कोणी सांगत नाही. चिलखत घातले की वाकता येत नाही, हातमोजे असले की घास तोडता येत नाही, आणि मुखवट्यात पाण्याचा पेला मावत नाही. एकदा सकाळी नऊपासून चारपर्यंत मी काहीही खाल्ले नव्हते आणि मला घेरी आली. तेव्हा एका गाडीवाल्या काकूंनी वड्याचे चार तुकडे करून, प्रत्येकाला काडी टोचून, एकेक माझ्या तोंडाशी धरला. आपल्या मेळ्यात दोन उंच स्टुले, स्ट्रॉ, कपडे बदलायला बंद खोली आणि असा काडी टोचलेला एखादा पदार्थ असावा, असे मला मनापासून वाटते. धातूची किंवा टोकदार शस्त्रे दारातच ठेवून घ्यावीत आणि कोणाचाही फोटो काढण्यापूर्वी विचारावे, हे दोन नियम मोठ्या अक्षरांत लिहून लावावेत. मुलींच्या बाबतीत दुसऱ्या नियमावर कडक लक्ष ठेवावे.

गाडीवाले दादा, तुमचे वीस पावलांचे गणित पटले. फक्त माझे बाहेरचे टेबल दहा पावलांवर चालेल का? वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवू.

उद्यमनगरची_गाडी

वरच्या अंगाला असेल तर चालेल. पण शाईची बाटली ओट्यावर ठेवू नका. आणि वाचनमंदिरच्या ताईंना सांगतो, चारपर्यंत गाडी बंद ठेवणे आम्हाला परवडणार नाही. त्याऐवजी असे करू, आतल्या कोणत्याही टेबलावरून पुस्तक घेतल्याची चिठ्ठी दाखवली की मिसळीला दहा रुपये कमी घेईन. बाकीच्या तीन गाड्यांशीही बोलून पाहतो.

वाचनमंदिर_सभासद

चिठ्ठीची कल्पना मला आवडली. सतरंज्यांची आणि वाचनाच्या कोपऱ्याची जबाबदारी मी घेते. चौथीपर्यंतच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायला दोन शिक्षिका मैत्रिणी तयार आहेत.

टाउनहॉलची_पायरी

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले याबद्दल मी ऋणी आहे. काल संध्याकाळी मुलांना घेऊन दसरा चौकात गेले. कलादालनाच्या दारापासून पावले मोजली, चौकाच्या कडेला चार छोट्या गाड्या उभ्या राहतील एवढी जागा चोविसाव्या पावलाला सुरू होते. मुलीने उदबत्ती लावली. साडेपाचच्या सुमारास धूर दारापासून दूर, रस्त्याच्या बाजूला जात होता. सकाळच्या वेळी पुन्हा पाहावे लागेल. तेथून आम्ही गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. समोर म्हैस पिळून फेसाळलेले, कोमट दूध पेल्यात मिळाले, तेव्हा भाचा म्हणाला की बाहेरगावचे चित्रकार आले तर संध्याकाळी मेळा आटोपल्यावर त्यांना येथेच आणायचे.

जानेवारीतल्या रविवारांपैकी कोणता दिवस मोकळा आहे याची चौकशी सोमवारी करते आणि महापालिकेच्या परवानगीचा अर्ज माझ्या नावाने देते. पहिल्या वर्षी चित्रकारांची टेबले बारा, गाड्या चार, आणि प्रवेशाला पैसे नाहीत, असे तूर्त धरले आहे. घडीची टेबले आमच्या सोसायटीत सात आहेत, पाच कमी पडतात. ज्यांच्याकडे असतील त्यांनी येथेच कळवावे. इंद्रजालवाले काका, तुम्ही आणणार असलेल्या तीस अंकांत बहादूरचा एखादा असेल तर तो कृपा करून दाराजवळ ठेवा. माझ्या वडिलांना मी तेवढ्यासाठी घेऊन येणार आहे.